गचपणातला बास आणि गळाची दोरी

लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाठ हिरवट, पोट पांढुरके, कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळा पट्टा, आणि तोंड इतके रुंद की वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्याही मागे जाते. लांबवर पाठलाग करण्यापेक्षा दबा धरून बसणे त्याच्या स्वभावात आहे. पाण्यातले गवत, कमळाची पाने, बुडालेली झाडे, लाकडी धक्क्यांचे खांब, असे कुठलेही गचपण मिळाले की तो तिथे सावलीला थांबतो आणि समोरून काही हलले की झडप घालतो. म्हणजे मासा जिथे हमखास असतो, नेमकी तीच जागा गळाची दोरी अडकण्याची, घासण्याची आणि तुटण्याची.

वजनाच्या मानाने बास काही राक्षसी मासा नव्हे. दीड-दोन किलोचा मिळाला तर हौशी माणसाची सकाळ सार्थकी लागते. जागतिक विक्रम आहे २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण १० किलोंचा. जॉर्ज पेरी याने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात तो मासा पकडला. सत्त्याहत्तर वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याला त्याहून जेमतेम एक औंस भारी मासा मिळाला. नवा विक्रम ठरायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावे बरोबरीने नोंदली गेली. आता ज्या माशाचा विक्रमच २२ पौंडांवर अडला आहे, त्याच्यासाठी अमेरिकेतले जाणकार रिळावर ५०, ६५, प्रसंगी ८० पौंड ताण सोसणारी दोरी भरतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आकडा म्हणजे उंदरासाठी तोफ वाटतो. पण दोरीची सगळी निवड याच कोड्याच्या उलगड्यात आहे.

उघड्या पाण्यात मासा गळाला लागला की त्याला पळू देता येते. रिळाचा ब्रेक सैल ठेवायचा, मासा ओढेल तशी दोरी सुटू द्यायची, तो थकला की हळूहळू गुंडाळायची. या खेळात १० पौंडांच्या दोरीवर २० पौंडांचा मासाही निघतो. गचपणात ही चैन नाही. गळ रुतताच बास खाली मुसंडी मारतो आणि दोन-तीन सेकंदांत दोरीचे देठांभोवती वेढे पडतात. म्हणून ब्रेक जवळजवळ घट्ट आवळलेला असतो, काठी जाड आणि ताठ असते, आणि माशाचे तोंड पहिल्याच हिसक्यात वर वळवावे लागते. वर येताना मासा एकटा येत नाही. त्याच्या डोक्यावर, दोरीवर, गळावर गवताचा भारा चढतो. दोन किलोच्या माशाबरोबर चार-पाच किलो ओले गवत आले तरी नवल नाही. दोरीची ताकद मोजायची ती या भाऱ्यासाठी आणि त्या पहिल्या हिसक्यासाठी. माशाचे वजन त्या हिशेबात किरकोळ असते.

वेष्टनावरचा पौंडाचा आकडा काय सांगतो, हेही समजून घेणे बरे. सरळ, नव्या, गाठ नसलेल्या दोरीला ताण देत गेल्यावर ती किती भाराला तुटते, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्षात दोरीला गाठ असते, आणि बहुतेक गाठींपाशी ती कमजोर होते. दोरी ओली असते, आणि नायलॉन पाणी पिऊन दहा-पंधरा टक्के ताकद गमावते. शिवाय दोरी कुठेतरी घासलेली असते. आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणारी संस्था म्हणूनच दोरी भिजवून तोडून पाहते. बाजारातल्या पुष्कळ दोऱ्या छापील आकड्यापेक्षा जास्त ताण सोसतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘२० पौंडी’ दोऱ्या सारख्या निघतीलच असे नाही. जाणकार पौंडाच्या जोडीने जाडीही वाचतो. मिलिमीटरमधला तो बारीक अक्षरातला आकडा पौंडापेक्षा प्रामाणिक असतो.

दोऱ्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला मराठी माणसाच्या ओळखीचा: तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी, अखंड तार. १९३५ मध्ये ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्सने नायलॉन शोधले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याची मासेमारीची दोरीही आली. त्याआधी रेशमाच्या आणि जवसाच्या धाग्याच्या, म्हणजे लिननच्या, दोऱ्या चालत. त्या रोज वाळवाव्या लागत, नाहीतर कुजत. तंगूस स्वस्त, मऊ, गाठीला सोपा. पण तो ताणतो. तुटण्याच्या बेतात आलेला तंगूस मूळ लांबीच्या वीस-पंचवीस टक्के लांबलेला असू शकतो. वीस मीटरवर कमळाच्या पानांत माशाने आमिष धरले आणि काठीला जोराचा हिसका दिला, तर त्यातला बराचसा हिसका दोरी लांबण्यातच जिरतो, गळापर्यंत पोचतच नाही. शिवाय ५० पौंडी तंगूस पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो रिळावर नीट बसत नाही, फेकताही येत नाही. उन्हाने तो कडक आणि ठिसूळ होतो, ते वेगळेच. गचपणाच्या कामातून तंगूस जवळजवळ बाद झाला आहे, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार फ्लोरोकार्बन. दिसायला तंगुसासारखीच पारदर्शक तार, पण पदार्थ वेगळा, पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये त्याची मासेमारीची दोरी काढली. त्याचे दोन गुण महत्त्वाचे. एक म्हणजे तो पाणी पीत नाही, त्यामुळे ओला झाल्यावर ताकद तेवढीच राहते. दुसरा, त्याचा पृष्ठभाग कठीण असतो आणि घासणीला चिवटपणे तोंड देतो. तो पाण्यापेक्षा पावणेदोन पट जड असल्याने बुडतो. प्रकाशाचा वक्रीभवनांक पाण्यात १.३३, फ्लोरोकार्बनमध्ये सुमारे १.४२ आणि नायलॉनमध्ये १.५३च्या घरात; म्हणून नितळ पाण्यात फ्लोरोकार्बन तंगुसापेक्षा कमी दिसतो. ‘अदृश्य’ वगैरे जाहिरातीची भाषा आहे. तो दिसतो, फक्त कमी दिसतो. अवगुणही आहेत. जाड फ्लोरोकार्बन ताठ असतो, रिळावरून उतरताना स्प्रिंगसारखी वेटोळी घालतो, आणि कोरडीच गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होतो. गाठ आवळण्याआधी ती जिभेने ओली करायची पद्धत त्यामुळेच पडली.

तिसरा प्रकार गुंफलेल्या दोरीचा. इंग्रजीत त्याला ब्रेड म्हणतात, पण मराठीत त्या शब्दाने बेकरी आठवते. आपला ‘गोफ’ हा शब्द अधिक नेमका. चार किंवा आठ बारीक पेड वेणीसारखे एकमेकांत घालून हा गोफ विणतात. पेडांचा पदार्थ पॉलिथिलीन. दुधाची पिशवीही पॉलिथिलीनचीच, पण गोफातल्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी पट लांब आणि सगळ्या एकाच दिशेने ताणून बसवलेल्या असतात. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास असा तंतू काढण्याची रीत बसवली. डायनीमा या नावाने तो पुढे बाजारात आला, आणि अमेरिकेत स्पेक्ट्रा या नावाचा त्याचा भाऊ निघाला. बुलेटप्रूफ जाकिटांत आणि जहाजांच्या दोरखंडांत हाच तंतू असतो. १९९०च्या दशकात तो गळाच्या दोरीत आला आणि गचपणातली मासेमारी बदलून गेली. ६५ पौंडी गोफाची जाडी ०.४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पंधरा-सोळा पौंडी तंगुसाएवढी. ताण दिल्यावर तो तीन-चार टक्क्यांहून फारसा लांबत नाही. पाण्यापेक्षा किंचित हलका असल्याने तरंगतो. उन्हाने सहज खराब होत नाही आणि वेटोळी धरत नाही.

एवढे गुण पाहून गोफच सगळीकडे वापरावा असे वाटेल. तसे करणारे पुष्कळ आहेत, आणि लाकडात गेल्यावर ते पस्तावतात. कारण निवडीचा खरा प्रश्न दोरी किती मजबूत हा नसून ती कशाला घासणार आहे, हा आहे.

मऊ देठांच्या वनस्पतींत गोफाला तोड नाही. फ्लोरिडातले ओकीचोबी सरोवर याचे उत्तम उदाहरण. सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचे हे पाणी सरासरी तीन मीटरसुद्धा खोल नाही, त्यामुळे त्याच्या काठाने बोरू, कमळे आणि पाणगवत मैलोन्‌मैल पसरलेले आहे. अशा ठिकाणी पोकळ रबरी बेडूक वापरतात. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो पानांवरून, फटींवरून न अडकता सरकतो. बेडूक पानाच्या कडेवर थांबतो, काठीच्या टोकाने दोरीला लहान लहान झटके दिले की मान डोलावतो. मग पान खालून उचलले जाते, ‘पॉक’ असा आवाज होतो आणि बेडूक नाहीसा होतो. इथे नवशिक्याचा हात लगेच वर जातो आणि बेडूक माशाच्या तोंडातून सुटून परत येतो. एक श्वास थांबायचे, दोरी ताठ होताना जाणवली की मग पूर्ण ताकदीने हिसका द्यायचा. पोकळ रबर दाबले जाऊन दोन्ही गळ जबड्यात जायला तेवढे बळ लागते, आणि न लांबणारा गोफच ते बळ पोचवतो. पुढच्या क्षणी मासा देठांत घुसतो. तंगूस देठाला वळसा घालून अडकला असता. ताणलेला गोफ कमळाचा देठ सुरीसारखा कापत बाहेर येतो. पतंगाच्या काटाकाटीत ताणलेला मांजा काय करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कापण्याच्या याच गुणासाठी काही जण आठ पेडांऐवजी चार पेडांचा गोफ घेतात. चार पेडांचा पृष्ठभाग खरबरीत, करवतीसारखा. आठ पेडांचा गोल आणि गुळगुळीत, काठीच्या कड्यांतून आवाज न करता लांब जाणारा. यावर मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक मासे पकडतात. नव्याने घेणाऱ्याने आठ पेडांचा घ्यावा, फेकणे सोपे जाते.

बेडकासाठी ५० ते ६५ पौंड हे माप रुळले आहे. ३० पौंडी गोफही माशाला आणि गवताला पुरेल, मग जाड का घ्यायचा, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर रिळाच्या फिरकीवर सापडते. बारीक गोफ जोराच्या हिसक्याने स्वतःच्याच खालच्या थरांत रुततो, आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकून आमिष तुटून उडते किंवा दोरीचा गुंता होतो. जाड गोफ कमी रुततो. शिवाय बारीक गोफ माशाच्या जबड्यातले गळाचे भोक रुंद करतो आणि ओढणाऱ्याच्या बोटांनाही चिरतो. अडकलेला गोफ हाताला गुंडाळून कधीच ओढू नये. लाकडाचा दांडा किंवा जाड कापड मध्ये घ्यावे.

दाट गचपणाचा दुसरा, आणखी टोकाचा नमुना म्हणजे पाण्यावर गोधडीसारखा पसरलेला वनस्पतींचा थर. अमेरिकेत तो बहुधा हायड्रिलाचा किंवा जलपर्णीचा असतो. हायड्रिला मराठी शाळांतून शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून, परीक्षानळीत प्राणवायूचे बुडबुडे मोजायचा तो प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग याच वनस्पतीचा. आशियातली ही वनस्पती १९५०च्या दशकात शोभेच्या मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिने तळी व्यापली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्याकडच्या नद्या-धरणांचे जे केले, तेच. सरकारे हायड्रिलावर औषध फवारतात. बास मात्र तिच्याखाली सुखात असतो. वरचा थर हाताला घट्ट लागतो, पण सावलीमुळे खाली पाने झडून देठांचीच विरळ जागा उरते. एखाद्या मांडवासारखे छत वर, मोकळे अंगण खाली. अलाबामातील टेनेसी नदीवरचा गंटर्सव्हिल जलाशय अशा मांडवांसाठी प्रसिद्ध आहे.

या छतातून आमिष खाली पोचवायला २८ ते ५६ ग्रॅमचे टंगस्टनचे वजन लागते. शिसे चालत नाही असे नाही, पण टंगस्टन शिशाच्या पावणेदोन पट घन असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते आणि छोट्या भोकातून घुसते. दोरीत आधी रबराचा छोटा अडसर ओवतात, मग बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन, मग सरळ दांड्याचा जाड गळ बांधून त्यावर लहानसे रबरी किड्याचे आमिष चढवतात. अडसर वजनाला आमिषाशी धरून ठेवतो; तो नसेल तर वजन खाली जाते आणि आमिष गवतावरच लोंबकळत राहते. नाव थराजवळ उभी करून आमिष उंच उडवायचे आणि उभे खाली पाडायचे. वजन छत फोडते, दोरी सरसरत जाते आणि तळाला लागून थांबते. दोनदा वरखाली केले, काही जाणवले नाही, तर वर काढून पुढच्या ठिकाणी. एका दुपारी अशी शेकडो भोके पाडावी लागतात. मासा आमिष घेतो तेव्हा पुष्कळदा ओढ जाणवत नाही. दोरी तळाच्या आधीच थांबते, किंवा आडवी सरकू लागते. तेवढ्या खुणेवर हिसका द्यायचा. मासा मग छताखालून छताला भोक पाडत, डोक्यावर हिरवा फेटा बांधल्यासारखा बाहेर येतो. या कामाला ६५ पौंडी गोफ हे किमान. थर जाड असेल तर ८०. इथे कंजुषी करणाऱ्याला दोरीबरोबर टंगस्टनची महागडी गोळीही गमवावी लागते.

गाठीचाही या कामात मोठा वाटा आहे. डोळ्यात बांधलेल्या साध्या गाठीऐवजी इथे दोरी गळाच्या डोळ्यातून टोकाच्या बाजूने आत घेऊन दांड्याभोवती सात-आठ वेढे देऊन आवळतात. हिसका बसला की वजन डोळ्यावर आदळते, दोरी दांड्याला कोनात ओढते आणि गळाचे टोक बाहेरच्या बाजूला, माशाच्या टाळूकडे वळते. सरळ दांड्याचा गळ हाताने धरून दोरी ओढून पाहिली तर ही कळ डोळ्यांना दिसते. बेडकाला आणि इतर आमिषांना पॅलोमार नावाची गाठ पुरते. दोरी दुमडून डोळ्यातून न्यायची, सैल निरगाठ मारायची, उरलेला फास अख्ख्या आमिषावरून काढून आवळायचे. गोफ गुळगुळीत असल्याने साध्या गाठी सुटून सरकतात. दुहेरी दोरीची पॅलोमार सरकत नाही.

आता लाकूड. टेक्सासमधील लेक फोर्क हा जलाशय १९८० मध्ये अडवला तेव्हा त्यातली बरीच झाडे न तोडता उभीच ठेवली, आणि आजही त्यांचे सुके बुंधे पाण्याबाहेर दिसतात. अशा पाण्यात गोफाचा कापण्याचा गुणच त्याच्या मुळावर येतो. मऊ देठ तो कापून जातो, पण फांदी कापली जात नाही. ताणलेला गोफ तिच्या सालीत, भेगेत, ओल्या लाकडात रुतून बसतो. मासा एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला, मध्ये फांदीत चावलेली दोरी. फ्लोरोकार्बनची कठीण, गुळगुळीत तार फांदीवरून सरकते, आणि सरकली म्हणजे मासा उलट दिशेने फिरवता येतो. म्हणून पडलेली झाडे, बुंधे, नावांच्या धक्क्यांचे खांब यांत २० ते २५ पौंडी फ्लोरोकार्बन हा समजूतदार पर्याय. पाणी नितळ असेल तर १५-१७ पौंडांवर यावे लागते आणि थोडी तुटातूट पत्करावी लागते. दगडांत आणि शिंपल्यांतही फ्लोरोकार्बनच. अमेरिकेतल्या अनेक तळ्यांत आता झेब्रा शिंपल्यांनी दगड आणि खांब मढवले आहेत. त्यांच्या धारदार कडेवर गोफाचा एकेक पेड तुटत जातो आणि ६५ पौंडांचा आकडा कागदावरच उरतो.

लाकडातली मासेमारी म्हणजे जवळून, अंगासरशी केलेली मासेमारी. कॅलिफोर्नियात टुली नावाच्या उंच लव्हाळ्यांच्या बेटांत लांब काठीने आमिष सोडण्याची जुनी रीत होती. डी थॉमस याने १९७०च्या दशकात तिला वळण दिले: एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोरीचा पदर, आणि झोपाळ्यासारखा झोका देऊन पाच-सहा मीटरवर आवाज न करता आमिष ठेवून द्यायचे. १९७५ मध्ये आर्कान्सामधील बुल शोल्सची स्पर्धा त्याने याच पद्धतीने जिंकली. तेव्हा पॉलिथिलीनचा गोफ बाजारात नव्हता, सगळे काम जाड तंगुसावर चाले. दोरी पाच-सहा मीटरच बाहेर असल्याने तिचे लांबणेही एक-दीड मीटरच्या आत राहायचे, आणि म्हणून ते चालून जायचे. आजही जवळच्या कामात फ्लोरोकार्बनचा थोडा ताण खपतो, लांबच्या कामात खपत नाही.

जिथे गवत आणि लाकूड एकत्र असते तिथे शुद्ध उत्तर नाही. गवत जास्त तर गोफ, लाकूड जास्त तर फ्लोरोकार्बन, एवढाच ठोकताळा. गोफाच्या टोकाला मीटरभर फ्लोरोकार्बन जोडून दोन्ही साधण्याचा मोह होतो. उघड्या पाण्यात ते उत्तम चालते, पण दाट गवतात जोडाची गाठ गवत पकडते आणि पहिल्यांदा तिथेच तुटते. गचपणात मध्ये जोड नसावा.

गोफ दिसतो, त्याचे काय? थराखाली उजेड कमी, देठांची गर्दी, आणि माशाला निर्णय घ्यायला क्षणभरच वेळ. तिथे दोरी दिसल्याने मासा बिचकल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, हिरव्यासाठी आणि लालसाठी, त्यामुळे हिरव्या गवतात गडद हिरवा गोफ घेणे तर्काला धरून आहे. नवा गोफ चकाकतो म्हणून शेवटचे दोन-तीन हात काळ्या मार्करने रंगवणारेही पुष्कळ आहेत. त्याने नुकसान होत नाही.

रिळावर भरताना गोफाची एक खोड सांभाळावी लागते. गुळगुळीत फिरकीवर त्याची पकड बसत नाही, अख्खा गठ्ठाच गोल फिरतो, आणि ब्रेक बिघडला असे वाटू लागते. आधी काही मीटर तंगूस गुंडाळून त्यावर गोफ बांधला, किंवा फिरकीवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला, की हा प्रश्न मिटतो. गोफ ओल्या कापडातून ताणून, घट्ट भरावा. न लांबणारी दोरी सगळा हिसका पुढे ढकलते, म्हणून गळ बारीक तारेचा असेल तर तो सरळ होतो आणि कड्यांच्या चौकटी हलक्या असतील तर वाकतात. दोरी मजबूत केली की दुसरीकडे कुठेतरी कमजोर कडी तयार होते. ती शोधून तीही मजबूत करावी लागते.

महाराष्ट्रात बास नाही, पण त्याच्या जागी मरळ आहे. तळ्याच्या गवतात, जलपर्णीच्या कडेला दबा धरणारी, बेडकावर झडप घालणारी मरळ आणि फ्लोरिडातला बास यांच्या सवयी इतक्या जुळतात की हौशी लोक तिच्यासाठी तोच पोकळ बेडूक आणि तोच ४०-५० पौंडी गोफ वापरतात. फरक दातांचा. बासचे दात किसणीसारखे बारीक, दोरीला निरुपद्रवी. मरळीचे तीक्ष्ण, आणि गोफ ते सोसत नाही. तिच्यासाठी गळाजवळ वीतभर जाड फ्लोरोकार्बन लागतो, आणि जोडाचा तोटा तिथे पत्करावा लागतो.

दोरी कितीही महाग असली तरी तिचे शेवटचे मीटर-दीड मीटरच खरे काम करतात, आणि तेच आधी खराब होतात. प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकण्यानंतर तेवढा भाग अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढून पाहावा. फ्लोरोकार्बनवर खरखर किंवा चरा लागला, गोफाला लव सुटली किंवा एखादा पेड बाहेर आला, तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधावी. गोफ दातांनी तुटत नाही, धारदार कात्रीच लागते.

कापलेला तुकडा खिशात ठेवावा. पाण्यात पडलेली दोरी वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि पाणपक्ष्यांच्या पायांत, कासवांच्या गळ्यात अडकते. नायलॉनच्या मांज्याने पक्ष्यांचे काय होते ते मकरसंक्रांतीनंतर आपल्या शहरांत दिसतेच. फ्लोरिडात नावा उतरवण्याच्या धक्क्यांवर टाकाऊ दोरीसाठी खांबाला लावलेल्या नळ्या असतात. त्यात जमलेल्या तंगुसाचे पुन्हा प्लास्टिक होते. गोफाचे होत नाही. तो बारीक तुकडे करून कचऱ्याच्या डब्यातच टाकावा लागतो.